एका इंग्रजी गाण्याच्या निमित्ताने

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या आठवड्यात सूचना फलकावर एक कागद लागला. चाचणी परीक्षेचे वेळापत्रक आणि सहलीची सूचना यांच्या मधोमध, वहीचे पान फाडून लिहिलेला. ‘ड्रम वाजवता येणारे कोणी असल्यास मधल्या सुट्टीत नववी ब मध्ये भेटावे. संमेलनासाठी गाणे बसवायचे आहे.’ खाली चार नावे. गाणे कोणते ते लिहिलेले नव्हते. ते दोन दिवसांनी कळले आणि मग शिक्षकांच्या खोलीपासून विश्वस्त मंडळाच्या बैठकीपर्यंत चर्चा सुरू झाली. गाणे होते ‘यू-टू’ या आयरिश बँडचे ‘ब्यूटिफुल डे’.

आक्षेप कोणते आले ते वाचकांना सांगायला हवे. मराठी शाळेच्या स्नेहसंमेलनात इंग्रजी गाणे कशाला, हा पहिला. रॉक म्हणजे गोंगाट, हा दुसरा. तिसरा आक्षेप आमच्या संगीताच्या बाईंचा. तालमीसाठी मुलांनी मागितलेली संगीताची खोली ऑगस्ट २०२४ च्या पुरापासून बंद आहे. त्या खोलीत आता मोडकी बाके आणि निवडणुकीच्या कामाचे सामान ठेवलेले असते.

आम्ही पत्रिकेचे संपादक मंडळ, म्हणजे दोन शिक्षक, तीन पालक आणि एक माजी विद्यार्थी, आमच्यातही एकमत नव्हते. तेव्हा आम्ही ठरवले की आधी गाणे ऐकावे. ग्रंथालयात बसून, मोबाइल टेबलावर ठेवून, चार वेळा ऐकले. आमच्यातल्या दोघांनी ते कॉलेजच्या दिवसांत ऐकले होते, बाकीच्यांना नावही ठाऊक नव्हते. त्यानंतर या गाण्यामागची हकिकत एकमेकांना सांगता सांगता हा लेख लिहायचे ठरले.

विद्यार्थ्यांना आवडेल असा भाग आधी. हा बँड शाळेत जन्मला, आणि तोही सूचना फलकावरच्या कागदातून. १९७६ साली डब्लिन शहरातल्या माउंट टेंपल कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळेत लॅरी मुलन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाने फलकावर सूचना लावली की बँड काढायचा आहे, वाजवणारे हवे आहेत. सप्टेंबरात काही मुले त्याच्या घरच्या स्वयंपाकघरात जमली. लॅरीने आपले ड्रम तिथेच मांडले होते. त्या जमलेल्यांतून पुढे चौघे राहिले. पॉल ह्यूसन, ज्याला जग बोनो म्हणून ओळखते, गिटार वाजवणारा डेव्हिड एव्हन्स म्हणजे ‘द एज’, बेस गिटारवाला अ‍ॅडम क्लेटन आणि स्वतः लॅरी. शाळेने त्यांना तालमीला खोली वापरू दिली. पहिला कार्यक्रमही शाळेच्याच स्पर्धेत झाला, दुसऱ्यांची गाणी घेऊन, काही मिनिटांचा. त्यांना तेव्हा धड वाजवता येत नव्हते हे ते स्वतःच सांगत आले आहेत.

बोनो चौदा वर्षांचा असताना, १९७४ मध्ये, त्याची आई गेली. लॅरीची आई १९७८ मध्ये अपघातात गेली. त्याच १९७८ साली मार्चमध्ये लिमरिकच्या स्पर्धेत या मुलांनी पाचशे पौंडांचे बक्षीस मिळवले. पुढचे यश सर्वांना माहीत आहे, ‘द जोशुआ ट्री’ (१९८७), ‘आख्टुंग बेबी’ (१९९१), जगभर गर्दी. ते येथे विस्ताराने सांगत नाही, कारण आमच्या विषयाला त्यांचे यश फारसे उपयोगाचे नाही. उपयोगाचे आहे ते त्यांचे अपयश.

मार्च १९९७ मध्ये त्यांचा ‘पॉप’ हा अल्बम आला. दौऱ्याच्या तारखा आधीच विकल्या गेल्या होत्या, त्यामुळे गाणी घाईघाईने पुरी करावी लागली. एप्रिलमध्ये लास वेगासला पहिला कार्यक्रम झाला तेव्हा तालमी पुरेशा झालेल्या नव्हत्या आणि ते लपले नाही. रंगमंचावर मात्र थाट असा की विचारू नका. तेव्हाचा जगातला सर्वांत मोठा एलईडी पडदा, एक प्रचंड सोनेरी कमान आणि सुमारे चाळीस फुटी आरशांचे लिंबू! त्या लिंबातून चौघांनी बाहेर पडायचे आणि गायचे. ऑस्लोला ते लिंबू उघडलेच नाही आणि नामवंत कलाकारांना मागच्या बाजूने कसेबसे बाहेर यावे लागले. (आमच्या मागच्या संमेलनात पडदा अर्ध्यावर अडकला होता, त्या मुलांना हे वाचून बरे वाटेल.) अल्बमचा खप आधीच्यांच्या मानाने कमी झाला. लोक म्हणू लागले की यांचे दिवस गेले.

याच फसलेल्या दौऱ्यात २३ सप्टेंबर १९९७ रोजी ते सारायेवोला गेले. जवळजवळ चार वर्षे वेढ्यात आणि तोफांच्या माऱ्यात काढलेले ते शहर. सुमारे पंचेचाळीस हजार लोक आले, कालपर्यंत एकमेकांचे शत्रू असलेल्या समाजांतले. त्या रात्री बोनोचा आवाज गेला. गाणी लोकांनी म्हटली. एवढे अवजड सामान घेऊन जग फिरणाऱ्या बँडला त्या दिवशी कळले असेल की सामानाशिवाय, नि गळ्याशिवायसुद्धा, काय उरते. हा आमचा तर्क आहे, त्यांनी असे म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही. पण पुढच्या अल्बमला त्यांनी जे नाव दिले, ‘ऑल दॅट यू कान्ट लीव्ह बिहाइंड’, म्हणजे जे मागे टाकून जाता येत नाही ते सारे, त्यावरून तर्क अगदीच चुकीचा वाटत नाही.

या अल्बमसाठी चौघे डब्लिनच्या स्टुडिओत परतले. सोबतीला ब्रायन इनो आणि डॅनियल लान्वा हे जुने निर्माते. ‘ब्यूटिफुल डे’ आधी ‘ऑल्वेज’ नावाचे वेगळेच गाणे होते. ते जमेना म्हणून मोडून पुन्हा बांधले. एजने आपली जुनी गिटार बाहेर काढली आणि विशीत असताना वाजवायचा तो घंटेसारखा खणखणणारा नाद लावला. बोनोला तो नको होता. आपण पुन्हा आपलीच नक्कल करतो आहोत असे लोक म्हणतील, ही त्याची धास्ती. एज हटून बसला आणि नाद राहिला. ९ ऑक्टोबर २००० रोजी गाणे प्रसिद्ध झाले. चौघे तेव्हा चाळिशीला टेकलेले होते, आणि जगातला सर्वोत्तम बँड या नोकरीसाठी आम्ही पुन्हा अर्ज करीत आहोत, अशा अर्थाचे बोनो त्या काळात बोलत असे. नोकरी गेलेल्या माणसाने पुन्हा अर्ज करावा, इतका साधा विचार आम्हाला आवडला. २१ फेब्रुवारी २००१ रोजी या एका गाण्याला तीन ग्रॅमी मिळाले.

आता गाण्याकडे वळू. ‘सुंदर दिवस’ असे नाव असलेले गाणे म्हटल्यावर आम्हाला वाटले होते की यात सूर्य, फुले आणि आनंदीआनंद असेल. सध्या अशा मजकुराला तोटा नाही. सकाळी उठून मोबाइल उघडावा तर दहा जणांनी सकारात्मक विचार पाठवलेले असतात, आणि शाळेच्या जिन्यातही आपण तसले चार फलक लावलेलेच आहेत. हे गाणे तसे नाही. यातल्या माणसाचे सगळे गेले आहे. नशीब साथ देत नाही, शहरात त्याला जागा नाही, तो अडकून पडला आहे. कोणीही येऊन त्याची सुटका करीत नाही. शेवटपर्यंत परिस्थिती तीच राहते. तरी हा माणूस म्हणतो की दिवस सुंदर आहे, तो हातचा जाऊ देऊ नको. बोनोनेही हे गाणे सारे काही गमावून बसलेल्या आणि तरी उरलेल्यात आनंद सापडलेल्या माणसाचे आहे, असेच सांगितले आहे.

आमच्या संगीताच्या बाईंनी एक गोष्ट दाखवली, ती आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. कडवे आणि धृपद यांच्या खालच्या कॉर्ड एकच आहेत. कडव्यात बोनो जवळजवळ बोलल्यासारखा, खालच्या सुरात गातो, मागे बेसचा ठोका नाडीसारखा चालू असतो. धृपद आले की आवाज वर झेपावतो, गिटार आणि ड्रम तुटून पडतात, मागून एज आणि लान्वा साथ देतात. ऐकणाऱ्याला वाटते, चला, काही तरी बदलले, दार उघडले. बाई म्हणाल्या, पेटीवर धरून पाहा, काही बदललेले नाही. त्यांनी धरून दाखवले. खरोखरच तीच चाल, तोच फेरा. बदलले ते फक्त म्हणणे.

आम्हाला आशा या शब्दाचा अर्थ इतक्या थोडक्यात कोणी दाखवला नव्हता. आपण मुलांना सांगतो, काळजी करू नका, सर्व ठीक होईल. त्यांना ते खोटे वाटते, कारण पुष्कळदा ठीक होत नाही. पुराच्या त्या आठवड्यात विश्वामित्रीचे पाणी तळमजल्याच्या खिडक्यांना लागले तेव्हा मुलांनी पाहिले आहे. मगरी वस्तीत आल्या होत्या. पाणी ओसरल्यावर संगीताची खोली उघडली तर पेटीचा भाता कुजलेला, तबल्याच्या पुड्या गेलेल्या आणि तंबोऱ्याचा भोपळा तडकलेला. गाण्याच्या मधल्या भागात आकाशातून पृथ्वी दिसते. तिथे महापुरानंतरचे जग आहे, बायबलातल्या नोहाच्या कथेतले, आणि त्या जगात पुन्हा रंग उमटतात. नववीतल्या मुलांना आम्ही विचारले की हेच गाणे का निवडले. एकीने सांगितले, ‘त्यात पूर येऊन गेल्यानंतरचं आहे म्हणून.’ आम्ही मोठी माणसे ‘इंग्रजी गाणे’ एवढेच पाहत होतो.

ऐकणाऱ्यांनीही या गाण्याला आपापल्या प्रसंगी हाताशी धरले आहे. ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला झाल्यावर, फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेतल्या सुपर बोल सामन्याच्या मध्यंतरात यू-टूने याच गाण्याने सुरुवात केली, आणि त्याच कार्यक्रमात मागच्या पडद्यावर मृतांची नावे सरकत गेली. २०११ च्या दौऱ्यात अंतराळवीर मार्क केली यांनी अवकाश स्थानकातून पाठवलेला संदेश या गाण्याआधी दाखवला जाई. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल गिफर्ड्स यांना त्याच वर्षी जानेवारीत डोक्यात गोळी लागली होती आणि त्या पुन्हा बोलायला शिकत होत्या. अर्थात याच गाण्याने इंग्लंडमध्ये काही वर्षे दूरदर्शनवरचा फुटबॉलचा कार्यक्रमही सुरू होत असे. चांगले गाणे फार वाजले की गुळगुळीत होते, तसे याचेही झाले.

मुलांनी या चौघांना देव मानावे असे आम्ही म्हणत नाही. २०१४ मध्ये यांनी आपला नवा अल्बम कोट्यवधी लोकांच्या आयट्यून्स खात्यांत न विचारता ढकलून दिला आणि मग बोनोला माफी मागावी लागली. न मागता दिलेला प्रसाद लोकांना आवडला नाही. १५ डिसेंबर २०१९ रोजी ते नव्या मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर येऊन गेले, ए. आर. रहमान यांच्याबरोबर ‘अहिंसा’ हे गाणे त्यांनी केले आहे. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने तो कार्यक्रम पाहिला. तो सांगतो, गर्दीत बापलेक एकत्र बरेच होते.

आता आक्षेपांकडे. विश्वस्त मंडळातले एक ज्येष्ठ काका, ज्यांच्याविषयी आम्हा सर्वांना आदर आहे, त्यांचे म्हणणे असे. मूल रस्त्यावर गुजराती बोलते, टीव्हीवर हिंदी ऐकते, अभ्यास इंग्रजीत शोधते. मराठीला वर्षातून एक संध्याकाळ मिळते, ती संमेलनाची. तीही द्यायची? काकांचा हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. पटसंख्या कुठे चालली आहे हे आम्हाला दिसते. दांडिया बाजारातल्या ज्या घरांतून पूर्वी एकेका घरची तीन-तीन मुले शाळेत येत, ती घरे आता बंद आहेत किंवा मुले इंग्रजी शाळेत आहेत.

पण यू-टूच्याच देशाकडे पाहा. आयरिश ही तिथली पहिली राजभाषा, राज्यघटनेने मान्य केलेली, शाळेत सक्तीने शिकवली जाणारी. तरीही बहुतेक ठिकाणी रोजचे बोलणे इंग्रजीत चालते. भाषा वेळापत्रकात आहे, एवढ्याने ती ओठांवर येतेच असे नाही. उलट परवा आम्ही या मुलांची तालीम दाराआडून ऐकली. खोली नाही म्हणून ती जिन्याखाली बसली होती. शब्द इंग्रजी, पण भांडण सगळे मराठीत. ‘अरे, तू घाई करतोयस’, ‘सम चुकली’, ‘तिथे दम घे ना’. कोणी सक्ती केली नव्हती, कोणी गुण देणार नव्हते, आणि पाऊण तास ती एकमेकांशी मराठीत बोलत होती. आमच्या कितीशा मराठी कार्यक्रमांत पडद्यामागे एवढे मराठी ऐकू येते?

आणि परके म्हणाल तर, ज्या पेटीवर बाईंनी आम्हाला त्या कॉर्ड दाखवल्या तीसुद्धा युरोपातूनच आली. १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली होती, ती १९७१ पर्यंत पुरती उठली नव्हती. आज पेटीवाचून आपले भजन होत नाही. शिवाय आपण बडोद्याची माणसे. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये येथे गायनशाळा काढून मौलाबक्षांच्या हाती दिली. त्या मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी बसवली होती. नव्याचा धसका घेणे या गावाला शोभत नाही.

गोंगाटाच्या आक्षेपावर आम्ही फार लिहीत नाही. गणपतीत मांडवीवर जे होते ते ऐकून आलेल्यांनी हा आक्षेप घेऊ नये.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे, आणि ती लेखी स्वरूपात मुख्याध्यापकांमार्फत दिली आहे. गाणे संमेलनात व्हावे. त्याआधी एका विद्यार्थ्याने किंवा विद्यार्थिनीने त्याचा अर्थ दोन मिनिटांत मराठीतून सांगावा. ही सूचना काकांचीच, आणि ती आम्हाला आमच्या सगळ्या युक्तिवादापेक्षा चांगली वाटली. मुलांनी पुढच्या वर्षासाठी स्वतःचे मराठी गाणे रचायला घ्यावे, त्यांना सूर-तालाची मदत बाई करतील.

पण खरी मागणी खोलीची आहे. गाणे चार मिनिटांचे, ते होऊन जाईल, आणि खोली पुन्हा बाकांची राहील. पुराला एवढे दिवस झाले, भिंती सुकल्या, रंगही लागला, आणि कुलूप तसेच आहे. ‘बघू’ हा शब्द आम्ही तीन बैठकांत ऐकला. माउंट टेंपलच्या शिक्षकांना तेव्हा काय ठाऊक होते की ही बेसूर मुले पुढे कोण होणार? त्यांनी खोली दिली. आमच्या चौघांपैकी कोणी बोनो होणार नाही, बहुधा. खोली त्यासाठी मागतही नाही. बुधवारी आणि शनिवारी शाळा सुटल्यावर दीड तास, बाई किंवा पालकांपैकी एक जण हजर राहील, किल्ली शिपाईकाकांकडे परत जाईल. बाके हलवायला आम्ही पालक येत्या रविवारी सकाळी आठ वाजता येतो आहोत, परवानगी मिळाली तर. फावडे-झाडू आपापले आणावेत.

पेटीची दुरुस्ती मांडवीच्या एका कारागिराने पाहिली आहे. भाता नवा घालावा लागेल, सूर बरेचसे वाचले आहेत. तबल्याची जोडी नवीनच घ्यावी लागेल. कोणाच्या माळ्यावर जुने ड्रम, झांज, ढोलकी पडून असेल तर कार्यालयात कळवावे.

फलकावरचा तो कागद अजून तिथेच आहे. ड्रमवाला मिळालेला नाही. डब्लिनमध्ये ड्रमवाल्यानेच सूचना लावली होती, इथे नेमका तोच नाही! मंगळवारी पाहिले तर खाली पेन्सिलीने, सातवीतल्या अक्षरात, कोणी तरी लिहिले होते : ‘ढोल चालेल का?’ आणि त्याच्याखाली निळ्या शाईत : ‘चालेल. ये.’